देवीची टोपली आणि चेंबरचा बोल्ट

१२ जून

ट्रक दारात उभा आहे. सहाचाकी, जपानी, जुना, पण अंगापिंडाने खणखणीत. फित्सानुलोकच्या जुन्या गाड्यांच्या वखारीत चिखल तुडवत मीच निवडला. विकणारा चेहऱ्यावरूनच लबाड दिसत होता, पण मला शेंडी लावायला त्याला अजून दोन जन्म घ्यावे लागतील. रस्ते खात्याच्या आगारात मी उभी हयात भांडारप्रमुख होतो. माझ्या सहीशिवाय एक पाना दाराबाहेर पडला नाही.

ट्रक चालवायचा पोनने. पोन म्हणजे माझा मेहुणा, बुआलोयचा धाकटा भाऊ. चाळिशी ओलांडली तरी दुसऱ्यांच्याच गाड्या हाकत आला. आता फू थाप बोकच्या डोंगरावरून कोबी भरून खाली लोम साकच्या बाजारात आणायचा, असा बेत आहे. गाडी चालली तर हा गडी माणसांत येईल. इंजिन जाम झालं तर पुन्हा लोकांचे ट्रक धूत बसेल, आणि बुआलोय जेवताना एक शब्द न बोलता माझ्याकडे बघत राहील. निवड माझी होती ना.

दोघा भावंडांनी ट्रक आल्याआल्या काय पाहिलं? टायर? इंजिन? छे. आरशाला मोगऱ्याची माळ आणि स्टिअरिंगला तीन रंगांची फडकी. गाडीत म्हणे मे या-नांग देवी राहते. तिला विचारल्याशिवाय निघायचं नाही, तिच्या दारात लाथ मारायची नाही, तिच्यासमोर शिवी द्यायची नाही. उद्या भंतेजी येऊन काचेवर पांढऱ्या मातीचे ठिपके काढणार आहेत. जपानमध्ये हीच गाडी इतकी वर्षं कुणाच्या परवानगीने धावली, हे मी विचारलं. बुआलोय म्हणाली, "अहो, हळू बोला, तिला ऐकू येतं."

१४ जून

तुय मिस्त्री आला होता. चौकात त्याचं गॅरेज आहे. माणूस अंगाने डुकरासारखा आणि तोंडाने त्याहून मोकळा. मी बोलावलं नव्हतं, पोनने बोलावलं. पुठ्ठा टाकून ट्रकखाली सरकला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, हा बोल्ट ह्या गाडीचा नाही हो!"

इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. जुनं तेल सोडायला त्याच्या बुडाला एक बोल्ट असतो. तुयचं म्हणणं असं, की आधीच्या मालकाने कुठलातरी जाडा बोल्ट ठोकून बसवलाय, आटे पार गेलेत.

"चेंबर खाली घेऊ, आतून नवा नट वेल्ड करू," तो कपडे झटकत म्हणाला. "तोवर त्याला बोटसुद्धा लावू नका. आणि तेलाचा लाल दिवा चावी फिरवल्यावर पेटायला पाहिजे, तो पेटत नाही. बल्ब गेलाय."

मी म्हटलं, "लाल दिवा पेटत नाही म्हणजे तेल आहे. दिवा पेटला असता तर म्हणाला असतास तेल संपलंय. तुमचा धंदा दोन्हीकडून चालतो."

तो हसला. "साहेब, अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

असल्यांना दारात उभं करू नये. एका बोल्टासाठी अख्खं चेंबर उतरवायचं! दाढ दुखते म्हणून मुंडकं काढून ठेवा म्हणतील हे लोक.

१५ जून

तेल मीच बदललं. पोनला हाताखाली घेतलं.

बोल्टाचं डोकं आधीच कुणा गाढवाने गोल करून ठेवलेलं, पाना नुसता फिरतो. छिन्नी लावून हातोड्याने आणला. तेलाबरोबर चकचकीत केसासारखे आट्यांचे तुकडे आले. पोन ते बोटावर घेऊन माझ्याकडे बघत बसला. म्हटलं, हा जुना मळ असतो, फेक.

नवा बोल्ट आणून ठेवला होता. धरेना. नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी गुंडाळली आणि पान्याला लोखंडी नळी घालून जोर दिला.

"दाजी, बास," पोन म्हणाला.

"बास कधी ते मला माहीत आहे."

मग कट्ट असा आवाज आला. बोल्ट जागेवर बसला की असाच आवाज येतो. त्यानंतर पाना हलका फिरला, पण मी तिथे थांबलो. कुठे थांबायचं हे कळण्यालाच अनुभव म्हणतात.

पोनला सक्त ताकीद दिली आहे. इंजिन माझ्याकडे. इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी पट्टी मीच ओढून बघणार, त्याने फक्त गाडी चालवायची. दहाजणांनी दहा ठिकाणी बोटं घातली की गाडीचा सत्यानाश होतो.

१७ जून

सकाळी ट्रकखाली बशीएवढा काळा डाग. बोल्ट बसवताना चेंबरवर सांडलेलं तेल अजून गळतंय, दुसरं काही नाही. बुआलोयला बोललो, तर तिने बराच वेळ डागाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यात तेल किती मावतं हो?"

बायकांना काय काय प्रश्न पडतात.

१९ जून

डाग नाही! पाहा. तुय मिस्त्रीला मुद्दाम बोलावून दाखवावंसं वाटलं. जमीन कोरडी ठणठणीत, वर कुणीतरी केळीचं पान टाकलं होतं तेवढंच.

माझी नवी अडचण वेगळीच आहे. बुआलोयला देवीचं खूळ लागलंय. पहाटे उठते, झाकलेली टोपली घेऊन ट्रककडे जाते आणि तिथे घटकाभर असते. आज खिडकीतून पाहिलं, तर बाई चटई टाकून पुढच्या चाकाशी आडवी! साष्टांग नमस्कार! लोक स्टिअरिंगला हात जोडतात, फार तर बंपरला माळ घालतात. आमच्या हिने ट्रकच्या पायांवर लोळण घ्यायचा नवा पंथ काढला. शेजारी बघतील याचीही लाज नाही.

आत आली तेव्हा म्हटलं, "काय म्हणाली देवी?"

"तहान लागली म्हणाली."

"मग?"

"पाजलं."

हसायचं की रडायचं?

२४ जून

पोनच्या खेपा सुरू झाल्या. दुपारी रिकामा वर जातो, डोंगरातल्या ह्माँग लोकांच्या शेतातून कोबी भरतो, रात्री बाजारात उतरवतो आणि उजाडायच्या आत ट्रक दारात आणून उभा करतो. हे सगळं ठीक. पण शेवटच्या उभ्या चढाच्या आधी वळणावर डोंगरपित्याचं ठाणं आहे, तिथे हा इंजिन बंद करून उतरतो, उदबत्ती लावतो, हॉर्न वाजवतो. म्हटलं, डिझेल उदबत्तीवर चालत नाही. तर म्हणतो, "दाजी, तिथे सगळेच थांबतात." सगळे विहिरीत उडी मारतील तर हाही मारेल.

एक बारीकसारीक गोष्ट. मोहरीचा पाला खारवायला बुआलोयचं एक मोठं ॲल्युमिनियमचं घमेलं होतं, तिच्या आईच्या वेळचं. ते दिसत नाही. विचारलं, तर म्हणाली, "देवीला दिलं."

घरातली भांडीसुद्धा ट्रक खाणार आता.

२ जुलै

सकाळी चिकट भाताचा गोळा करताना तिच्या नखांत काळं दिसलं. म्हटलं, उदबत्तीच्या राखेने एवढे हात काळे होतात? ती म्हणाली, "खूप लावते ना." आणि हात धुवायला उठली. तिचा जुना लुंगीचा कपडाही असाच डागाळलेला. भक्ती माणसाला अजागळ करते ती अशी.

चौकात तुय भेटला. "साहेब, बोल्ट काय म्हणतो?"

"दगडासारखा बसलाय. थेंब नाही."

"वा! देवीची कृपा," असं म्हणून तो पोट हलवत हसला. त्याच वेळी बुआलोय त्याच्याच गॅरेजातून टोपली घेऊन बाहेर येत होती. मी विचारलं तर म्हणाली, तुयच्या बायकोकडून मोगरा आणला. त्या अंगणात गंजाशिवाय काही उगवलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. पण तुयचा चेहरा पडल्याचं मला समाधान आहे. हरलेला माणूस असाच मोठ्याने हसतो.

९ जुलै

माझा धाकटा मुलगा बँकॉकहून फोनवर होता. त्याला बोल्टाची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "बाबा, आई बरी आहे ना? दमल्यासारखी वाटते." मी बोल्टाबद्दल बोलतोय आणि हा आईबद्दल. या पिढीचं कशातच लक्ष नाही.

पाऊस धरून आहे. डोंगरावर धुकं असतं म्हणे, पण पोन वेळेवर येतो. गाडी चांगली असली की ड्रायव्हरही चांगला ठरतो.

१८ जुलै

वर्षावासाचं व्रत आलं. बुआलोय पांढरे कपडे घालून देवळात राहायला गेली, पौर्णिमा उलटली की येईल. गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे गेली नव्हती. यंदाही कां कूं करत होती. ट्रकला कोण बघणार म्हणे! शेवटी मीच म्हटलं, जा बाई, तेवढीच घरात शांतता.

जाताना जिन्याखालची टोपली दाखवून म्हणाली, "एवढं एक करा. रोज पोन निघायच्या आधी टोपली उघडा आणि देवीचं करा."

"मी? ट्रकपुढे लोळू?"

"टोपली उघडलीत की कळेल काय करायचं ते."

"आणि नाही केलं तर? देवी रुसेल?"

"रुसेल," ती म्हणाली. हसली नाही. "पोनचा जीव आहे तिच्या हातात. मी त्याला सांगून ठेवलंय, दाजी झालं म्हणाले तरच चावी फिरव."

दारातून परत वळली आणि पुन्हा तेच. "टोपली तेवढी उघडा हं."

गेली एकदाची. आणि या गडबडीत माझा वाचायचा चष्मा कुठेतरी टाकून गेली. टेबलावर ठेवला होता. हे लिहितोय ते डोळे बारीक करून.

१९ जुलै

दुपारी पोन पायरीवर उभा. "दाजी, देवीचं झालं?"

टोपलीला मी हातही लावला नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर तो तिथेच उभा राहिला असता, खांबासारखा. म्हटलं, "झालं."

"नक्की ना? म्हणजे... नीट केलंत ना? भरपूर?"

"भरपूर केलं! जा!"

हात जोडून गेला. भरपूर! देवीला काय आता शेराने मोजून भक्ती घालायची?

२० जुलै

आजही तेच. "दाजी, झालं?" "झालं." आज तो जरा हसला आणि म्हणाला, "ताईला वाटत होतं तुम्ही करणार नाही. मी म्हटलं दाजी करतील." मग ट्रकवर हात फिरवून निघाला.

खोटं बोलल्याचं मला काही वाटत नाही. अंधश्रद्धेशी खोटं बोलणं हे खोटं नव्हे. पण पोन तसं म्हणाला ते उगाच कानात राहिलं.

हिच्याशिवाय मिरचीची चटणी कशी करतात देव जाणे. बाजारची आणली. बेचव.

२१ जुलै

अंगावरचे कपडे अजून ओलेच आहेत, तरी लिहितो.

दुपारी पोनने विचारलं, मी झालं म्हटलं, तो गेला. पाऊस पडत होता. जिन्याखालून वास यायला लागला. म्हटलं, टोपलीत माळा सडल्या असणार, फेकून देऊ. फडकं काढलं.

माळ एकच होती, सुकलेली. खाली इंजिनाच्या तेलाचा अर्धा भरलेला डबा. बाटली कापून केलेलं नसराळं. काळ्या चिंध्या, नीट घडी करून ठेवलेल्या. आणि माझा चष्मा.

आधी मला वाटलं, हा कुठला नवा विधी. देवीला इंजिन ऑइलचा नैवेद्य दाखवते की काय ही! मग ट्रक उभा राहतो तिथे गेलो. केळीची पानं पायाने बाजूला केली. खाली खड्ड्यात मोहरीच्या पाल्याचं घमेलं होतं, काठोकाठ काळं, तळाशी पावसाचं पाणी साचून तेल वर चढलेलं आणि मातीत ओघळलेलं.

पोनला फोन लावला. डोंगरावर फोन लागत नाही, हे मला ठाऊक असूनही पुन्हा पुन्हा लावत होतो. मग टोपली मोटरसायकलच्या हँडलला अडकवली आणि निघालो. या वयात, त्या पावसात, त्या घाटात. प्रत्येक वळणावर वाटे, इथे उभा असेल, धूर येत असेल. भरल्या गाडीचं इंजिन उतारावर बंद पडलं, ब्रेक धरेनासे झाले, तर काय होतं ते मी आगारात पाहिलंय. ट्रक ओढून आणायचे तेव्हा ताडपत्री टाकून आणायचे. आज गाडी रिकामी जात होती, पण इंजिनाने तो चढ धडपणे चढला नसता, आणि चढला असता तर कोबी भरून त्याच उतारावर परत आलं असतं. दोन्हीपैकी कशाची जास्त भीती वाटत होती ते मला सांगता येणार नाही.

ट्रक ठाण्यापाशी उभा होता. इंजिन बंद. पोन पावसात उदबत्ती पेटवायला काडीमागून काडी ओढत होता. उदबत्ती ओली झाल्यामुळे तो अजून तिथे होता. चष्मा लावला, पट्टी ओढली. पट्टीच्या टोकाला कसाबसा ओलावा.

चिखलात आडवा झालो. बोल्ट माझ्या दोन बोटांनी फिरला. अंगठा आणि तर्जनी, बस्स. पान्याला नळी घालून बसवलेला माझा बोल्ट! चिंधी गुंडाळून दाबून धरला. पोन वाकून बघत होता. तो हळूच म्हणाला, "दाजी, तुम्ही तर म्हणालात झालं..."

"म्हणालो."

"मला वाटलं तुम्हाला कळलं."

पोनला ठाऊक होतं. तुयला ठाऊक होतं. एका मलाच नव्हतं, आणि सगळे मिळून माझ्यासाठी देवीचं नाव घेत होते.

तेवढ्यात कोबीचा एक ट्रक वर जाताना हळू झाला. ड्रायव्हरने काच खाली करून ओरडून विचारलं, "काय हो काका, एवढं खाली लोळून पाया पडताय? अशी कुठली देवी आहे बुवा तुमची?"

पोनने तोंड फिरवलं.

"हो, पडतोय पाया," मी खालून ओरडलो. "तुला काय त्रास आहे?"

त्याने भक्तिभावाने हात जोडले, तीनदा हॉर्न वाजवला आणि गेला.

२२ जुलै

काल टोपलीतलं तेल भरून, चढ न चढता, इंजिनाला जपत हळूहळू गाडी खाली आणली. कालचा कोबी शेतकऱ्याने दुसऱ्याच्या ट्रकमध्ये घातला, आणि पोनला बरंच काही ऐकवलं. पोनने ते ऐकून घेतलं. मला त्यातलं काही सांगितलं नाही.

तुयच्या दारात मी स्वतः गेलो. तो काहीतरी बोलेल म्हणून मी तोंड कडू करून उभा होतो. तो फक्त म्हणाला, "आणा साहेब आत." चेंबर उतरवलं, आतून नट वेल्ड केला, लाल दिव्याचा बल्बही घातला. वेल्डिंग कसलं, चघळून थुंकलेल्या सुपारीसारखं दिसतं. आगारात असतं तर मी परत पाठवलं असतं. पण थेंब नाही. मी पुठ्ठा टाकून स्वतः तपासलं, चष्मा लावून.

घमेलं आधी राखेने, मग चिंचेने घासलं. दोनदा. तरी आतला काळेपणा पूर्ण जात नाही.

पोनला आणि तुयला बजावलं आहे, बुआलोयला यातलं काहीही कळता कामा नये. तिला उगाच वाईट वाटेल, की तिचं गुपित फुटलं. दोघांनीही एकदम मान डोलावली. एवढ्या लगेच मान डोलावणारी माणसं मला आवडत नाहीत, पण असो.

२४ जुलै

बुआलोय काल आली. गुडघे सुजलेत. पांढऱ्या कपड्यांत बरी दिसते, हे मी तिला सांगितलं नाही.

आज पहाटे उठून टोपली घेऊन ट्रककडे गेली. मी खिडकीत. टोपली मी होती तशीच लावून ठेवली होती. फक्त तेलाचा डबा भिंतीच्या फळीवर ठेवला आणि नवी माळ घातली. तिने चटई टाकली, वाकली, खाली पाहिलं. मग बराच वेळ तशीच वाकून राहिली. मला वाटलं गुडघा धरला, जाऊन उठवावं का? पण उठली, बंपरला माळ घातली, हात जोडले आणि आत आली.

मी सहज विचारलं, "झालं देवीचं?"

"झालं. आज तिला काही नको होतं."

मग स्वयंपाकघरात गेली. घमेलं हातात घेऊन वास घेतला. "याला चिंचेचा वास येतोय."

"देवीने परत दिलं असेल," मी म्हणालो.

"चिंच लावून?"

"देवी आहे. तिला कळतं भांडं कसं द्यायचं ते."

ती खो खो हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, हाताने तोंड दाबून. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला समजलं नाही. पण तिला कशाचाही संशय आलेला नाही, हे नक्की. माणसं ओळखण्यात मी अजून चुकत नाही.

आज तिने मोहरीचा पाला खारवायला घातला. मिरचीची चटणीही केली.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते. तेल, नसराळं, चिंध्या, हे सगळं समजलं. पण माझा चष्मा त्या टोपलीत गेला कसा? हिला तर तेलाची पट्टी चष्म्याशिवाय दिसते. विसराळूपणा वाढलाय बुआलोयचा. आता हिच्याकडे मलाच लक्ष द्यायला हवं.